पेल एल चाखायची कशी? वेंगुर्ल्याच्या पडवीतून, नवख्यांसाठी

पहिल्यांदा आम्ही चौघं ‘क्राफ्ट बिअरची तुलना’ (क्राफ्ट म्हणजे छोट्या ब्रुअरींची; पेल एल हा बिअरचाच एक प्रकार) करायला बसलो तेव्हा समोर सहा कॅन होते, दोन स्टीलचे आणि दोन काचेचे ग्लास होते आणि मधोमध तळलेल्या बोंबलांचं ताट. तासाभरात निकाल लागला. पहिली बरी, दुसरी कडू, तिसरी पहिल्यासारखीच, आणि चौथीपासून पुढचं कुणालाच धड सांगता येईना. सहा कॅनचे पैसे मात्र सगळ्यांना नीट आठवत होते.

त्यानंतर गेली दोन वर्षं आम्ही महिन्यातून एकदा बसतो. मी, माझा मामेभाऊ, वहिनी आणि शेजारचे काका. काका आयुष्यभर एकच स्ट्राँग बिअर पीत आले आणि आता आमच्यात सगळ्यात तिखट नाक त्यांचं आहे. चुकतमाकत आमची जी पद्धत बसली ती इथे देतो. यातलं काहीही अवघड नाही. अडतं ते दोन ठिकाणी: ग्लास घाण असतात, आणि चवीला शब्द सापडत नाहीत. दुसऱ्या अडचणीवर मी जरा जास्त लिहिणार आहे.

काय काय लागेल

- मद्य सेवनाचा परवाना (पायरी १ बघा)
- तीन किंवा चार वेगवेगळ्या बिअर (कुठल्या ते पायरी २ मध्ये), प्रत्येकीचा एक ३३० मिलीचा कॅन किंवा पाइंट
- एकसारखे काचेचे ग्लास, माणशी किमान तीन
- भांड्यांच्या घासणीपेक्षा वेगळा, कोरा स्पंज
- साधं पाणी आणि तांदळाची भाकरी
- वही, पेन, कागदाचे चिटोरे
- उरलेलं ओतायला एक तांब्या
- पाहुण्यांना घरी सोडणारा, न पिणारा कुणीतरी

१. आधी कागद

महाराष्ट्रात बिअर प्यायला परवाना लागतो म्हटलं की लोक अजून हसतात. पण आपल्या कायद्याचं नावच दारूबंदी अधिनियम आहे, १९४९ सालचा. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी त्याची रचना. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं पूर्ण. परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. एका दिवसाचा दुकानातच फाडून देतात. बाकीच्यांसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज करायचा, तो ऑनलाइनही होतो. फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा एवढं जवळ ठेवा. महिन्याला बसणार असाल तर आजन्म परवाना काढून टाका, कटकट मिटते.

आता आमच्या भागातला खरा सापळा. वेंगुर्ल्याहून गोव्याची हद्द तासाभराच्या आत. तिथे बिअर स्वस्त, क्राफ्टचे प्रकारही जास्त, त्यामुळे डिकीत चार कॅन टाकायचा मोह होतोच. ते करू नका. गोव्याच्या मालावर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं आणि परवानगीशिवाय तो इकडे आणणं गुन्हा आहे. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. ‘चारच कॅन आहेत साहेब’ हे तिथे चालत नाही. गोव्याची बिअर गोव्यातच चाखा, वही सोबत न्या, एसटीने परत या. सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीची ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए (इंडिया पेल एल, पेल एलचाच जास्त कडू प्रकार) आम्ही अशीच, हद्दीपलीकडे बसून वहीत उतरवली.

गाडीचं इथेच सांगून टाकतो. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. चाखणं म्हणजे पिणं नव्हे, असं रक्ताला कुणी सांगितलेलं नसतं.

२. पेल एल म्हणजे नेमकं काय विकत घेताय

‘पेल’ म्हणजे फिकट, म्हणून पुष्कळ जण पाण्यासारखी पिवळी बिअर समजून घेतात आणि ग्लासात तांबूस सोनेरी रंग बघून फसल्यासारखं वाटतं. हे नाव सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं. तोवर माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, लाकडाच्या धगीवर वाळवत, ते करपट तपकिरी होई. कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन) वापरायला लागल्यावर धग आटोक्यात आली, माल्ट फिकट निघालं. त्या काळच्या काळपट बिअरशेजारी ही फिकट दिसली, इतकंच.

आपला संबंध आयपीएमुळे. लंडनच्या बो भागातला हॉजसन आणि नंतर बर्टन गावचे ऑलसॉप, बास हे ब्रुअर मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी जहाजांनी पेल एल पाठवत. केप ऑफ गुड होपला वळसा, विषुववृत्त दोनदा पार, चार-सहा महिने प्रवास. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, बिअर टिकवतात, म्हणून ते जास्त घातलेले. कुणा एकाने खास भारतासाठी ही बिअर ‘शोधून काढली’ ही गोष्ट मात्र रंगवलेली आहे. जास्त हॉप्सची बिअर इंग्लंडात आधीही होत होती.

आज क्राफ्टच्या नावाखाली मिळते ती बहुतेक अमेरिकन वळणाची. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाने कॅस्केड नावाच्या हॉप्सची पेल एल काढली आणि तो संत्र्या-पपनसाचा वास जगभर पसरला. आपल्याकडे पुण्यात डूलाली या छोट्या ब्रुअरीने २००९ साली सुरुवात केली. इंग्लिश वळणाच्या पेल एलमध्ये माल्ट पुढे असतं आणि हॉप्स मातकट, चहासारखे लागतात. अमेरिकन वळणात हॉप्स पुढे.

लेबलवर बघायच्या गोष्टी तीनच.

*तारीख.* ही सगळ्यात महत्त्वाची. हॉप्सचा वास उडून जाणारा असतो. उत्पादनाला तीन महिने उलटलेली पेल एल मी तुलनेला घेत नाही.

*अल्कोहोलची टक्केवारी.* अमेरिकन पेल एल साधारण ४.५ ते ६.२ टक्के, आयपीए साडेपाच ते साडेसात. आपल्या अन्न सुरक्षेच्या नियमांत ५ टक्क्यांच्या वर सगळं ‘स्ट्राँग’, त्यामुळे नाजूक पेल एलच्या कॅनवरही स्ट्राँग लिहिलेलं दिसू शकतं. काका त्या शब्दावर भाळून एकदा चांगलेच निराश झाले होते.

*आयबीयू*, लिहिलेला असेल तर. कडूपणाचं हे माप, ढोबळमानाने लिटरमागे किती मिलिग्रॅम कडू द्रव्य उतरलंय ते. अमेरिकन पेल एलला ३० ते ५०, आयपीएला ४० ते ७०. पण या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. माल्टचा गोडवा जास्त असेल तर ४५ ची बिअर ३५ च्या बिअरपेक्षा मवाळ लागते.

पहिल्या बैठकीला चारच घ्या: एक लागर (दुकानात मिळते ती नेहमीची फिकट बिअर), दोन वेगळ्या ब्रुअरींच्या पेल एल, एक आयपीए. लागर कशाला? मोजायला शून्य कुठेतरी हवं म्हणून.

३. घरी आणणं आणि ठेवणं

ब्रुअरीवाल्यांत ३-३०-३०० असा एक आडाखा आहे. साधारण ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, या तिन्हीत बिअर सारखीच शिळी होते. आता आपला मे महिना आठवा. पुण्याहून दुपारी निघालेल्या गाडीच्या डिकीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. थंड पेटीतून आणा आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये, दारात नको, आत मागे ठेवा. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका.

पेटीवरून आठवलं. मामेभावाने एकदा मोठ्या हौसेने बर्फ भरून थर्माकोलच्या पेटीत कॅन आणले. पेटी मासळीची. कॅन सीलबंद, आतल्या बिअरला काही झालं नव्हतं. पण कॅन धरलेल्या हाताला बांगड्याचा वास, तोच हात ग्लासाला, तोच ग्लास नाकाशी. त्या दिवशीच्या चारही नोंदींत काकांनी ‘खारट, समुद्रासारखी’ असं लिहिलंय. नवी पेटी घ्या, आणि कॅन उघडण्याआधी धुऊन पुसा.

४. ग्लास

कोकणातल्या स्वयंपाकघरात ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. आपल्या घासणीत खोबरेल असतं, तळणीचं तेल असतं, माशाची चरबी असते. ग्लास डोळ्याला चकचकीत दिसतो, पण तेलाचा पातळ पापुद्रा काचेवर राहतो आणि तो फेस मारतो. फेस गेला की वास धरून ठेवणारं झाकणच गेलं. आमच्या दुसऱ्या बैठकीत फेस अर्ध्या मिनिटात बसत होता आणि मी ब्रुअरीला नावं ठेवत होतो. वहिनींनी ग्लास उजेडात धरला, आत काचेला चिकटलेले बुडबुडे दाखवले आणि म्हणाल्या, “माशांच्या ताटांवांगडा घासलेले गिलास ते, फेस खंयसून रवतलो?”

तर असं करा. कोरा स्पंज, गरम पाणी, धुण्याच्या सोड्याची चिमूट. भरपूर पाण्याने खळखळून धुवा, मग जाळीवर उपडे ठेवून वाऱ्यावर सुकवा. टॉवेलने पुसू नका, पावसाळ्यात तर नाहीच, कुबट वास लगेच बसतो. कपाटात ठेवलेले ग्लास वापरण्याआधी पुन्हा विसळायचे.

परीक्षा सोपी आहे. ग्लास आतून ओला करून त्यात बारीक मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेल. बिअर ओतल्यावरही कळतं: फेस खाली उतरताना काचेवर जाळीदार कडी सोडत गेला तर ठीक, बुडबुडे काचेला धरून बसले तर पुन्हा घासायला घ्या.

आकार? तोंडाशी निमुळता असेल तर वास कोंडून राहतो, वाइनचा ग्लास उत्तम. नसेल तर कटिंग चहाचे काचेचे ग्लास चालतील, पण सगळ्यांचे सगळे सारखे हवेत. स्टील नको, रंग दिसत नाही आणि ओठाला धातू लागतो.

५. वेळ आणि पोट

सकाळी अकरा ते दुपारच्या जेवणाआधी नाक सर्वांत ताजं असतं म्हणतात, पण त्या वेळी पडवीत बिअरचे ग्लास मांडले तर गावात काय बोललं जाईल ते सांगायला नको. आम्ही संध्याकाळी पाचला बसतो. तासभर आधी काही तिखट, तळकट नाही. चहा, विडी, तंबाखू, पान नाही. अत्तर नाही, ओडोमॉस नाही, डासांची अगरबत्ती तर मुळीच नाही (डास चावतात, चावू द्या). स्वयंपाकघरात फोडणी पडत असेल तर थांबा.

सोलकढी हा खास आपला खड्डा. नारळाचं दूध जिभेवर थर धरतं आणि कोकमाचा आंबटपणा मागे रेंगाळतो, त्यावर कुठलीही पेल एल पाणचट लागते. सोलकढी नंतर, जेवणासोबत.

घोटांच्या मध्ये जीभ कोरी करायला साधं पाणी आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा. पावात मीठ आणि किंचित आंबटपणा असतो, भाकरी त्या मानाने गप्प असते.

६. ओतणं

फ्रिजमधून काढलेली बिअर चारेक अंशांवर असते, इतक्या थंडीत वास बाहेर येतच नाही. पेल एलला ७ ते १० अंश बरे. थंडीच्या दिवसांत कॅन दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. मे महिन्यात थेट ओता, बोलेबोलेपर्यंत ती वर चढते.

एका ग्लासात ८० मिली, जास्त नाही. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये चौघांचं भागतं. चार बिअर म्हणजे माणशी ३२० मिली, सगळा मिळून एक पाइंट. इतक्यावर डोकं जाग्यावर राहतं आणि वहीतलं अक्षरही दुसऱ्या दिवशी वाचता येतं. ग्लास तिरका धरून सुरुवात करा, शेवटी सरळ करून थोडा फेस येऊ द्या. ‘फेस म्हणजे नुकसान’ हा बारमधला हिशेब इथे सोडायचा.

क्रम हलक्याकडून कडूकडे. आयपीए आधी घेतलीत तर तिचा कडूपणा जिभेवर बसून राहतो आणि बिचारी पेल एल गोड सरबत वाटते.

७. डोळा, नाक, जीभ

*डोळा.* पांढऱ्या कागदासमोर धरा. रंग, फेस, गढूळपणा. दहा सेकंद पुरेत. गढूळ म्हणजे खराब असं समजू नका, हल्लीच्या बऱ्याच पेल एल मुद्दाम गढूळ ठेवतात.

*नाक.* ओतल्या ओतल्या लगेच, कारण सगळ्यात हलके वास पहिल्या मिनिटात उडतात. आधी लांबून एक, मग नाक ग्लासात घालून दोन-तीन छोटे हुंगे. कुत्रं हुंगतं तसे, दीर्घ श्वास नको. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या खोबणीचा वास घ्या. आपल्या अंगाचा वास मेंदू मोजत नाही, त्यामुळे नाक पुन्हा कोरं होतं. काकांना हे आधी थट्टा वाटली होती.

*जीभ.* घोट तोंडभर फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी ‘चव’ इथे कळते. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या, नुसतं गोड-कडू लागेल. चिमटी सोडा, फळं एकदम येतील. कडू फक्त जिभेच्या मागे लागतं, हे शाळेतल्या पुस्तकातलं चित्र विसरा, ते चुकीचं आहे. आणि गिळायचंच. वाइनवाल्यांसारखं थुंकलं तर शेवटचा कडूपणा किती टिकतो ते समजत नाही.

पहिली फेरी झाली की ग्लास दहा मिनिटं ठेवून द्या आणि पुन्हा या. कोमट झालेली बिअर काहीच लपवत नाही.

८. शब्द आपल्या परसातले

इंटरनेटवर चवीचे गोल तक्ते मिळतात. ग्रेपफ्रूट, पाइन, पॅशनफ्रूट, बिस्किट. आम्ही पहिले चार महिने ते शब्द वहीत उतरवत होतो. मग एका संध्याकाळी लक्षात आलं की चौघांपैकी तिघांनी ग्रेपफ्रूट कधी खाल्लेलंच नाही. कॅनवर लिहिलंय म्हणून वहीत लिहीत होतो. त्या दिवशी काकांनी ग्लास हुंगला, थांबले, पुन्हा हुंगला. “ह्येका तोरंजनाचो वास येता रे!”

तोरंजन, म्हणजे पपनस, गणपतीच्या माटवीला (मूर्तीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला) बांधतो ते. काकांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून झालेलं फळ आहे. म्हणजे मूळ वास आमच्या माटवीला टांगलेला होता आणि आम्ही त्याच्या लेकराचं नाव घोकत बसलो होतो.

तेव्हापासून वहीत आमचेच शब्द आहेत. काही देतो, तुम्ही तुमच्या परसातले घाला.

तोरंजनाची साल नखाने खरवडली की येतो तो वास कॅस्केड, सेंटेनियल या अमेरिकन हॉप्सचा. आतला पांढरा गर चावला तर लागतं ते कडू-तुरट, तेही पुष्कळदा सोबत असतं.

पाइनचं झाड कोकणात कुठून आणणार? पण आंबा देठापासून तोडल्यावर चीक उडतो, त्याचा उग्र, तेलकट वास आठवा. सिमको हॉप्सच्या बिअरमध्ये तो मला हमखास भेटतो. यात कल्पनाच आहे असं नाही. मर्सिन नावाचं सुगंधी द्रव्य हॉप्सच्या तेलातही असतं आणि आंब्यातही.

सिट्रा, मोझॅक, ऑस्ट्रेलियाचं गॅलेक्सी, ही मंडळी पिकल्या फळांची. पिकला पेरू. रायवळ आंबा, हापूस नव्हे. हापूसचा वास फार सभ्य. कधीकधी काजूचं बोंडू, झाडाखाली पडून उन्हात तापलेलं. बोंडू हा शब्द आमच्या वहीत कौतुक म्हणूनही येतो आणि तक्रार म्हणूनही, कारण जास्त झालं की ती आंबूस घाण वाटते.

इंग्लिश हॉप्सना, ईस्ट केंट गोल्डिंग्ज वगैरेंना, आम्ही ‘वळेसराची माती’ म्हणतो. पहिल्या वळवाने भिजलेली माती, थोडा पेंढा, थोडा गवती चहा.

माल्टसाठी शब्द स्वयंपाकघरातले. खारी, भाजलेला पाव, आणि रंग जरा तांबूस असेल तर काकवी. काकवी आणि गूळ यांत फरक करा. काकवीला मागे किंचित कडसर शेपूट असतं.

आता कडू आणि तुरट. नवखे सगळ्यांत जास्त इथे गोंधळतात. कडू म्हणजे कारलं, मेथी. तुरट म्हणजे जिभेला, हिरड्यांना धरतं ते: कच्चं बोंडू, जांभूळ, फार उकळलेला चहा. चांगल्या पेल एलचा कडूपणा स्वच्छ येतो आणि पुढचा घोट मागतो. तुरटपणा तोंड कोरडं करून बसतो. वहीत दोन वेगळे रकाने करा.

एक पथ्य: दहा मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही, आधी लिहायचं. एकाने ‘फणस’ म्हटलं की बाकी तिघांना फणसच येतो. आमच्याकडे नियम मोडणाऱ्याने ग्लास धुवायचे असतात.

९. तुलना: डोळे बांधल्यासारखी

कॅन समोर असला की किंमत आणि चित्र चाखलं जातं. म्हणून ओतणारा एक जण वेगळा ठेवा, त्याने आत ओतून ग्लासाखाली चिटोरी लावून आणावेत. चिटोऱ्यांवर १, २, ३ किंवा अ, ब, क नको, माणूस नकळत ‘१’ला झुकतं माप देतो. ४७२, ९१५ असे कसलेही तीन आकडे टाका. शक्य असेल तर प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने द्या, फक्त आयपीए शेवटीच ठेवा.

गुण द्यायचे असतील तर अमेरिकेतल्या बीजेसीपी या परीक्षक संस्थेची ५० गुणांची वाटणी वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण मत १०. रूपाला फक्त ३ आहेत हे लक्षात घ्या. तरीही माझं मत, पहिल्या तीन बैठकांत गुण देऊच नका. ‘अ’पेक्षा ‘ब’ कशी वेगळी, एवढं एक वाक्य लिहा. आकडे दिले की माणूस आकड्यांवर भांडतो.

त्याऐवजी त्रिकूट करून बघा. प्रत्येकापुढे तीन ग्लास, ४०-४० मिली. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकदा बरोबर येतं, त्यामुळे एकट्याने ओळखलं तर फार फुगू नका. चौघांपैकी तिघांनी किंवा चौघांनीही ओळखलं, तरी तेवढं नशिबाने होण्याची शक्यता नवात एक असते. पुढच्या बैठकीत पुन्हा करा.

आमची पहिली त्रिकुटाची बैठक सांगतो. दोन पेल एल, ज्यांच्यावर मी आणि मामेभाऊ सहा महिने वाद घालत होतो, कुणाची भारी यावर. दोघांनाही वेगळा ग्लास ओळखता आला नाही. वहिनींना आला.

१०. दोष ओळखणं

‘मला आवडली नाही’ आणि ‘बिअर बिघडलीय’ यांत गल्लत होते. बिघाडाचे वास ठरावीक आहेत.

पावसात भिजलेला आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा: शिळी झाली, हवा किंवा उष्णता लागली. आपल्या हवेत हा दोष सगळ्यात जास्त भेटतो, आणि तो बहुधा वाहतुकीत किंवा दुकानात घडलेला असतो, ब्रुअरीत नाही.

लोणी, पॉपकॉर्न: यीस्टचं काम अर्धवट राहिलं, किंवा नळाच्या बिअरची नळी घाण.

उकडलेला मका: उकळ नीट झाली नाही. हिरवं सफरचंद: बिअर घाईत काढली. कोकमासारखी आंबट, आणि ती आंबट असायची नव्हती: जिवाणू शिरले.

जळकं रबर: ऊन लागलं. उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात. तपकिरी बाटली पुष्कळ वाचवते, हिरवी फारसं नाही, कॅन पूर्ण. हा दोष घरी मुद्दाम करून बघता येतो. एकाच कॅनमधून दोन ग्लास भरा, एक फडताळात, एक पंधरा मिनिटं अंगणातल्या उन्हात. मग दोन्ही हुंगा. एकदा तो वास नाकात बसला की जन्मभर विसरत नाही, आणि दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली हिरवी बाटली तुम्ही पुन्हा उचलत नाही.

११. मग जेवण

वह्या मिटल्यावर तळलेले बोंबील येऊ द्या. पेल एलचा फसफस आणि कडूपणा तेल कापतो, तळलेल्या मासळीशी तिचं छान जमतं. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीबरोबर तर तोरंजनवाली पेल एल घ्याच, तिरफळाचा लिंबूस झणका आणि हॉप्स एकाच घरचे वाटतात. फार तिखट रश्श्याबरोबर आयपीए टाळा, तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात आणि शेवटी नुसती आग उरते.

कॅन विसळून भंगारात देण्याआधी तळाची तारीख वहीत उतरवून घ्या. आमच्या वहीत सध्या शेवटची नोंद काकांची आहे: ‘९१५. तोरंजन कमी, चीक जास्त. ग्लास क्र. ३ ला अजून बांगडो.’